परबबाईंचा अंगठा

परबबाईंचा मी नऊ वर्षं हेवा केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहिलं तर ते किती जिवावर येऊन लिहिलंय, हे वाचणाऱ्याला कळेल.

माझ्याकडे पीएच.डी. होती, परदेशातली दोन वर्षं होती, भिंतीवर लावायला चौकटीतली प्रमाणपत्रं होती. त्यांच्याकडे बी.एस्सी., तीही सेकंड क्लास. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्याशा संशोधन संस्थेत मी सायंटिस्ट आणि त्या टेक्निशियन. पण बाहेरचा कुणी पाहुणा प्रयोगशाळा बघायला आला, की आमचे दामले सर त्याला पहिल्यांदा परबबाईंच्या टेबलाशी नेत. पाच-सात मिनिटं त्यांचं कौतुक करून झालं की माझ्याकडे वळत आणि म्हणत, "आणि ह्या अनघा." त्या 'आणि'ने माझी कित्येक जेवणं कडू केली आहेत.

दिसायला बाई अगदी साध्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांना खोबरेल चोपडून घट्ट वेणी. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुटुंब लालबागहून भांडुपला आलं, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल कधीतरी सांगितलं होतं. घरी कोण कोण असतं, असं कुणी विचारलं तर "आहेत आमची माणसं" म्हणून विषय संपवत. रोज सकाळी पवईवरून येणाऱ्या बसने त्या यायच्या, ठीक पावणेनवाला, आणि आल्या आल्या चष्मा भांडी घासायच्या साबणाने धुवायच्या. मग पांढरा कोट. चार लोकांत मला 'मॅडम' म्हणायच्या आणि दोघीच असलो की 'गो बाय'. पहिल्यात मान नव्हता आणि दुसऱ्यात अपमान नव्हता, पण मला मात्र दोन्ही टोचायचं.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दमा म्हटलं की श्वासनळी आवळते एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ती आतून सुजलेलीही असते, आणि ही सूज आणण्यात आपल्याच रक्तातल्या संरक्षक पेशींचा मोठा हात असतो. अशी पेशी रक्तातून वाहत येते, श्वासनळीजवळ तिचा वेग मंदावतो, ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाते, मग एका जागी चिकटते आणि फटीतून पलीकडे शिरते. तिथे तिने ठाण मांडलं की सूज आली. आता ती चिकटलीच नाही तर? वाहत आली तशी वाहून जाईल. पेशीला चिकटू न देणारं औषध शोधायचं, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही एक-एक रेणू तपासत होतो. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर.

तपासायची रीत दिसायला सोपी होती. लहान लहान खळगे असलेली प्लॅस्टिकची प्लेट घ्यायची. खळग्यांच्या तळाला रक्तवाहिनीच्या भिंतीवरचं चिकट प्रथिन लावायचं. काही ओळींत औषध मिसळलेल्या पेशी टाकायच्या, काहींत नुसत्या. थोडा वेळ ऊब द्यायची. मग आठ तोंडांच्या पिपेटने मिठाचं पाणी सोडून प्लेट धुवायची. न चिकटलेल्या पेशी निघून जातात, चिकटलेल्या राहतात. राहिलेल्या मोजायच्या. औषधाच्या ओळीत कमी उरल्या, तर औषध काम करतंय.

सगळी गोम त्या धुण्यात. पाणी जोरात सोडलं तर चिकटलेल्याही सुटतात, फारच हळू सोडलं तर सगळ्याच राहतात. पिपेटच्या दट्ट्यावर अंगठ्याचा दाब किती, एवढ्यावर सगळा खेळ. आणि परबबाईंचा अंगठा, सर म्हणायचे त्याप्रमाणे, लाखात एखादाच बनतो. पहिल्या खळग्यापासून शेवटच्या खळग्यापर्यंत एकच दाब. हे मी मोजून बघितलंय. चूक सापडावी म्हणूनच मोजून बघितलंय.

आमच्या पेशीही त्याच मिळवून देत. ज्यांना ॲलर्जी असते त्यांच्या रक्तात आम्हाला हव्या त्या पेशी जास्त सापडतात, त्यामुळे आमच्या इमारतीत शिंकणाऱ्या माणसाला फार मान होता. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातले एक पेडणेकर नावाचे गृहस्थ तर सकाळी एकदा सुरू झाले की वीस-वीस शिंका देत. मी त्यांच्याकडे संमतीचा छापील फॉर्म घेऊन गेले, विज्ञानाचं महत्त्व समजावलं, समाजाचं ऋण वगैरे बोलले. त्यांनी मला चहा पाजला आणि आपल्याला सुईची भीती वाटते असं सांगून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी परबबाई गेल्या. दहा मिनिटांत पेडणेकर बाही वर करून आमच्या खुर्चीत.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"काय नाय. म्हटलं, एवढ्या शिंका फुकट घालवताय, त्यापेक्षा आम्हाला द्या."

नंतर तेच पेडणेकर दर दोन महिन्यांनी स्वतःहून फोन करत, पण फोनवर "परबबाई आहेत का?" असंच विचारत. मी आहे म्हटलं तर "मग नंतर करतो" म्हणायचे. आता सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

त्या पेशींना रंग दिला की भिंगाखाली आतल्या केंद्राचे दोन गोल दिसतात, मध्ये बारीक दांडी. परबबाई त्यांना 'चष्मेवाले' म्हणायच्या. "आज चष्मेवाले नरम आहेत." "आज चष्मेवाल्यांनी नुसता धिंगाणा घातलाय." मी परिषदेत वापरायचे ते लांबलचक शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. तरी पेशी खरंच बिघडल्यात की नाही हे त्यांना माझ्याआधी कळायचं. एकदा मी सगळी तयारी करून बसले होते आणि भिंगातून एकदा बघून त्या म्हणाल्या, "आज राहू दे गो बाय, ह्यांचं चित्त नाय आज." मी ऐकलं नाही. दिवसभराचं काम वाया गेलं. त्यांनी "सांगितलं होतं ना" असं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी मुकाट्याने नवीन प्लेट काढून ठेवली.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी मी एक हलकट काम केलं. सकाळी त्यांनी मोजलेली प्लेट दुपारी वेगळा नंबर चिकटवून परत त्यांच्यापुढे ठेवली. मनात म्हटलं, आता बघते तुमचा अचूकपणा. त्यांनी काउंटर टिकटिकवत निवांतपणे सगळी मोजली. आकडे लिहिले. सकाळच्या आकड्यांशी जवळजवळ जुळत होते. मी दोन्ही आकडे ताडून बघत असताना त्या म्हणाल्या, "ही सकाळचीच ना? कोपऱ्यातल्या खळग्यात ओरखडा आहे बघ." माझी मान खाली गेली. त्यांनी चष्मा पुसला. "दे हो परत कधीही. माझ्यावर पण कुणीतरी लक्ष ठेवायला हवं." आणि हे त्या मनापासून म्हणाल्या. टोमणा असता तर मी ओळखला असता, माझं त्यात शिक्षण झालंय.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांच्यावर उघड चिडायचे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी त्या कामावर यायच्या, चष्मा धुवायच्या आणि फळ्यावर लिहायच्या, 'आज हात नाही.' त्या दिवशी त्या प्लेटला शिवत नसत. बाटल्या घासत, लेबलं लावत, फ्रिज आवरत. कारण विचारलं तर "आज नको" एवढंच. दामले सर हे चालवून घ्यायचे. मी सुट्टी मागितली तर तीनदा कारण विचारणारे सर परबबाईंच्या फळ्यावरच्या तीन शब्दांपुढे हात टेकत.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका आठवड्यात तीनदा 'आज हात नाही' लागलं. नेमकी तेव्हा अठरा नंबरची पाळी होती. हा अठरा नंबर माझा. रचना मी सुचवलेली, कागदावर मी मांडलेली, सरांशी वाद घालून मी बनवून घेतलेली. मार्चअखेर संचालकांची बैठक होती आणि आमचं काम पुढे न्यायचं की इथेच गुंडाळायचं, हे तिथे ठरणार होतं. मी फळ्याकडे बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी धुते," मी सरांना सांगितलं. "एका अंगठ्यासाठी प्रोजेक्ट थांबवायचा का?"

खरं सांगायचं तर मला घाई होती म्हणून नव्हे, तर अठरा नंबरचं यश माझ्या एकटीच्या हातचं असावं म्हणून मी पिपेट उचलली. बैठकीत सर "परबबाईंनी धुऊन बघितलं" म्हणाले असते, तर मी तिथेच खुर्ची सोडली असती.

आणि काय सांगू, अठरा नंबर चालला! पहिल्याच प्लेटला औषधाच्या ओळी जवळजवळ निम्म्या रिकाम्या. दुसऱ्या प्लेटला तसंच, तिसऱ्याला त्याहून झकास. परबबाईंचा हात परत आला तरी मी पिपेट सोडली नाही. तीन आठवडे मीच धुतलं. त्या मोजून देत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एखादी आठी तरी दिसावी, थोडं तरी जळावं त्यांचं, अशी माझी फार इच्छा होती. सर खूश. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्यात 'आणि' नव्हतं.

एके दुपारी मी धूत असताना परबबाई हाताची घडी घालून मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळे जेवायला गेल्यावर म्हणाल्या, "गो बाय, राग नको मानू. औषधाच्या ओळीत तुझा अंगठा जड पडतो."

"म्हणजे?"

"साध्या ओळीत पाणी सोडतेस. औषधाच्या ओळीत मारतेस."

ऐकून माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही लपवावंसं वाटतं. मी म्हटलं, "तुम्हाला सहन होत नाहीये ना? तुमच्याशिवाय जमलं, हे सहन होत नाहीये. सरळ सांगा ना, जळतंय म्हणून!"

नऊ वर्षं जे माझ्या पोटात होतं ते मी त्यांच्या पदरात टाकलं.

परबबाईंनी थोडा विचार केला. खरंच केला. "जळत असेल पण," त्या म्हणाल्या. "सांगता येत नाय. पण अंगठा जड पडतो."

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लेट तयार करून माझ्यापुढे ठेवली, नेहमीसारखी. वरच्या चार ओळी साध्या, खालच्या चार ओळींवर अठरा. मी हट्टाने, अगदी सांभाळून धुतली. त्यांनी मोजली. मग म्हणाल्या, "तू पण मोज." मीही मोजली. खालच्या ओळींत पेशी कमी होत्या. पहिल्याइतक्या नव्हेत, पण डोळ्यांत भरेल इतक्या कमी. मी विजयी चेहऱ्याने त्यांच्याकडे बघितलं.

"ह्यात अठरा नाय," परबबाई म्हणाल्या. "मी घातलाच नाय. आठही ओळींत पेशींबरोबर नुसतं मिठाचं पाणी आहे."

मी खुर्चीत बसले. मला वाटत होतं मी पाणी सोडतेय. माझ्या अंगठ्याला मात्र ठाऊक होतं की मला काय हवंय, आणि तो ते मला आणून देत होता. तीन आठवडे.

त्या क्षणी मी त्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा कुणाचाच केला नाही. बैठक चार दिवसांवर. त्यांनी सरांना सांगितलं असतं तर मला निदान त्यांना चुगलखोर ठरवता आलं असतं. पण त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. ती प्लेट माझ्या टेबलावर ठेवून त्या बाटल्या घासायला निघून गेल्या. गप्प बसायचं की सांगायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि तेही मला मोठेपणाच वाटला, म्हणजे आणखी एक गोष्ट, जी त्यांच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती.

शेवटी मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न कोणता विचारावा?

"परबबाई काय म्हणाल्या?"

बैठक पुढे ढकलली. मग सरांनी स्वतः बाटल्यांवरचे नंबर काढून खुणा लावल्या आणि यादी आपल्या कपाटात ठेवली. कुठल्या बाटलीत काय, ते ना मला माहीत ना बाईंना. परबबाईंनी धुतलं, आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजलं. यादी उघडली त्या दिवशी अठरा नंबर पाण्याच्या जोडीला बसला होता. काडीचा फरक नाही. आणि ज्याच्याकडे मी नाक मुरडलं होतं, तो सात नंबर पेशींना अडवत होता. थोडंसंच, पण दर वेळी. त्या थोड्याशावर संचालकांनी काम चालू ठेवलं.

मला आठवतंय, यादी वाचून झाल्यावर परबबाई एकदम उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, जिंकल्या ना, चहा प्यायला गेल्या असतील.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटचे दोन महिने त्यांनी मला धुवायला शिकवलं. मी लाज गुंडाळून शिकले. "ओळीवर काय लिहिलंय ते वाचू नको. हाताकडे बघू नको. समोरच्या भिंतीकडे बघ." मी भिंतीकडे बघायचे. मी माझी समजूत अशी घालून घेतली होती, की बाईंचा अंगठा समतोल राहतो कारण त्यांना त्या प्लेटमधून काहीच नको असतं. नाव नको, बढती नको, औषध लागलं काय नि फसलं काय, पगार तेवढाच. ज्याला काही नकोच असतं त्याला समतोल राहणं सोपं. ही समजूत मला फार सोयीची होती. तिच्यावर मी त्यांच्या निरोप समारंभाचा केकसुद्धा हसत खाल्ला.

ऑगस्टमध्ये माझे आकडे डळमळू लागले. सात नंबर एका दिवशी दिसे, एका दिवशी नाही. चार दिवस मी तोंड दाबून सहन केलं, मग रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. मी राहते त्या मुलुंडहून भांडुप म्हणजे जवळच, पण नऊ वर्षांत कधी गेले नव्हते. स्टेशनच्या पश्चिमेला, चढावर, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर.

दार उघडंच होतं. आतून पाण्याच्या मोटरसारखी घरघर येत होती. पलंगावर तिशीची एक मुलगी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलेली, तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क. गोळ्यांनी सुजून गोल झालेला चेहरा. प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. परबबाई तिच्या पाठीला हात लावून उभ्या होत्या.

"ये गो बाय," त्या म्हणाल्या. "ही माझी रूपा. उतरतंय आता. पहाटे जास्ती होतं."

रूपाला सातव्या वर्षापासून दमा. शाळेत शिकवायची, खडूने आणि जिन्यांनी ती नोकरी गेली. इन्हेलर झाले, गोळ्या झाल्या, दर थोड्या दिवसांनी हॉस्पिटल. हे सगळं त्यांनी मला चहा टाकता टाकता ओट्याशी सांगितलं, हळू आवाजात, रूपाला ऐकू जाऊ नये म्हणून. फळ्यावरचे 'आज हात नाही'चे दिवस कसले होते, ते मला तेव्हा कळलं.

अठरा नंबर चालतोय असं तीन आठवडे आमच्या प्लेटा सांगत होत्या. त्या प्लेटा रोज ही बाई मोजत होती आणि संध्याकाळी ह्या घरी येत होती. आम्हा दोघींत औषध हवं होतं ते तिला. मला नुसता आकडा हवा होता, आणि तरी अंगठा जड पडला तो माझा.

"कधी बोलला नाहीत," मी म्हटलं. "नऊ वर्षांत एकदाही नाही."

परबबाईंनी चहा गाळला. "आधी सांगितलं असतं, तर माझा आकडा खरा धरला असतास काय गो?"

ह्याचं उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

चहा प्यायले. ज्यासाठी आले होते ते विचारलंच नाही. निघाले तेव्हा रूपाचा मास्क निघाला होता आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. परबबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा त्यांनी कठडा धरला आणि विचारलं, "सात नंबर अजून अडवतोय ना?"

त्या आवाजात जे होतं ते मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "हो" म्हणणं इतकं सोपं होतं. जरा जास्तच "हो".

"कधी दिसतोय, कधी नाही," मी म्हटलं. "माझा हात अजून बसला नाहीये. सात नंबर खरा आहे की नाही, मला सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. कठड्यावरचा हात काढून पदराला पुसला.

"उद्या पावणेनवाला येते," परबबाई म्हणाल्या, आणि रूपाला खोकला आला तशा आत वळल्या.